हाकेला ओ

चहावाल्यानं न विचारताच कोऱ्या चहात मिठाची चिमूट टाकली, बोटानं कुल्हडाची कड पुसली आणि कुल्हड तुळशीरामपुढे धरला. तुळशीरामनं अजून काही मागितलंच नव्हतं. घाटाच्या वरच्या गल्लीत उजाडताना हे एकच दुकान उघडं दिसलं, म्हणून तो काकडत बाकड्याशी येऊन उभा राहिला होता, एवढंच. बाकीच्या गिऱ्हाइकांना दुधाचा चहा मिळत होता. घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्याला आणि काखेत पोथी धरलेल्या विद्यार्थ्यालाही, चांगला साय धरलेला, साखर घातलेला. त्यानं ते नीट बघून घेतलं. मग तो मुंबईच्या गोदीत बोलायच्या हिंदीत म्हणाला, “मैंने तो कुछ बोला नहीं.” चहावाल्यानं मान वर न करता पुढचा कुल्हड भरला. “रोज बोलना पड़ता है क्या?” तो म्हणाला. तुळशीरामला वाटलं, हसून सोडून द्यावं. हसू काही आलं नाही. काल दिवेलागणीला तो गाडीतून उतरला होता आणि त्याआधी जन्मात कधी काशीला आला नव्हता. त्यानं एक घोट घेतला. खारट, कडू, जीभ भाजणारा. तो त्याला गिळवेना आणि थुंकवेनाही. शेवटी त्यानं तो गिळला आणि उरलेला चहा कुणाचं लक्ष नाही असं बघून गटारात ओतला.

असा चहा पिणारा एकच माणूस त्याला माहीत होता, तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. होडीवर दूध कुठलं, आणि साखर बांधून नेली तर दमटून तिचा गोळा व्हायचा; म्हणून थोरला कोऱ्या चहात मीठ टाकायचा आणि पुढं पुढं घरी, थळला, चुलीसमोर बसूनही तसाच प्यायचा. आई वैतागायची. मिठानं रक्त आटतं, म्हणायची. तो म्हणायचा, आटू दे, लई झालंय. कोळीवाड्यात दुसरं कुणी तसा चहा पीत नव्हतं. थोरला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी खांदेरीच्या पलीकडे होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला. होडीवरचे दुसरे दोघे, काळूराम आणि भिकू, पुढच्या भरत्यांना किहीमच्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागले. होडीचं सुकाणूही आलं. दर्या घेतो ते परत आणून टाकतो, हे त्यांच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. थोरला तेवढा आला नाही. आई कितीतरी दिवस ओहोटी लागली की किनारा धरून चालत जायची आणि भरतीबरोबर परत यायची. तिचे डोळे तेव्हापासूनच बिघडत गेले असं तुळशीरामला वाटायचं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला.

आणि त्या भावाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. हा राग नव्हता, दुःखही नव्हतं. त्यांच्या वाड्यातली ती रीतच होती. दर्यावर गेलेल्या माणसाचं नाव तो परत येईतोवर जमिनीवरच्यांनी घ्यायचं नाही. नाव घेतलं की माणूस तिकडं मागं वळून बघतो, आणि पाण्यावर ज्यानं मागं वळून बघितलं त्याच्या हातून सुकाणू सुटतं. म्हणून ‘थोरला’, ‘धनी’, ‘तो’, काहीही म्हणायचं. होडी परत दिसली, शीड उतरलं, की आईनं किनाऱ्यावर उभं राहून त्याला नावानं एक हाक मारायची. होडीवरून ‘ओ’ आली की माणूस आला. मग नाव मोकळं. थोरल्याच्या बाबतीत ती हाक राहूनच गेली होती, त्यामुळे नावही अडकून पडलं होतं. बारा वर्षांत तुळशीरामनं ते मनातल्या मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. गोदीत त्याच नावाचा एक हमाल होता, तर त्याला तो ‘सातारकर’ म्हणून हाक मारायचा.

आता ती बारा वर्षं भरली होती. एवढ्या काळात ज्याचा पत्ता लागला नाही त्याचा पळसाचा पुतळा करून दहन करायचं आणि त्याला वाटेला लावायचं, हे शास्त्र. ते काशीला केलं म्हणजे पुन्हा शंका नको. हे घडवून आणलं होतं तुळशीरामनं, आणि का, ते त्याला, आईला आणि केसरला, तिघांनाही ठाऊक होतं. केसर, त्याच्या भावाची बायको, लग्न होऊन आली त्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात अशी अधांतरी राहिली. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, आणि घरात नवरा नाही. ती मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला जायची, सासूला सांभाळायची. तुळशीराम मुंबईहून गणपतीला, शिमग्याला यायचा. त्याच्या लग्नाचं निघालं की सुट्टी अर्धी टाकून निघून जायचा. त्यांच्यात बाईला दुसरा पाट लावता येतो. धाकट्या दिराशी लावला तर कुणी नाक मुरडत नाही. गेल्या शिमग्याला त्यानं अखेर विचारलं होतं. केसर मासळीवर मीठ पसरत होती. हात न थांबवता ती म्हणाली होती, “आदी त्यांचं काशीला करा, भावजी. मंग मी व्हय म्हनंन.” त्या एका वाक्यावर त्यानं वर्ष काढलं होतं. रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून व्ही.टी., आणि मग न संपणारी आगगाडी. सगळ्या वाटेत केसर खिडकीशी बसून होती आणि तो तिच्या हातातल्या बांगड्या बघत होता. परत जाताना या हातात नसणार, मग पुन्हा भरल्या जातील, त्या माझ्या नावानं, असा हिशोब तो करत होता. त्याला स्वतःची लाज वाटली नाही. वाटायला हवी होती का, हे त्याला कळत नव्हतं.

तर असा तो चहा होता. तो पिऊन तो उतरायच्या ठिकाणी, गुरुजींच्या घरी परतला तेव्हा आई ओटीवर बसून हातानं डोळ्यांवर सावली करत होती. हे गुरुजी मूळचे चौलकडचे. त्यांचे आजोबा कधीतरी काशीला आले ते इथलेच झाले. कुलाबा जिल्ह्यातून येणारी माणसं त्यांच्याकडे उतरत. त्यांची मराठी जुनी होती आणि मधेच हिंदीत शिरायची. “विधी उद्या सकाळी,” ते म्हणाले, “आज स्नान करा, विश्वेश्वराचं दर्शन करा, विश्राम करा.” आईनं विचारलं, “चाय पिलास का रं, तुळशा?” तो म्हणाला, “पिलो.” कसा पिलो, ते सांगावं असं तोंडाशी आलं होतं. केसर आतून आली, तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं ते गिळलं. सकाळचा घोट गिळला तसंच.

घाटावर धुकं होतं. पौषात तिथं असं धुकं पडतं की पलीकडचा तीर नाहीसाच होतो. पायऱ्या संपल्या की राखाडी पाणी आणि पाण्यावर राखाडी काहीतरी, त्यापुढे काही नाही. तुळशीरामला क्षणभर थळच वाटलं. पायांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आपोआप फाकून, ओल्या वाळूवर टाकावेत तसे पडायला लागले होते. आईनं पाण्यात हात घालून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. “गोडं हाय,” ती म्हणाली, जणू कुणी तिला फसवलं होतं. मग तिनं तिथल्या एका नावाड्याला विचारलं, “भरती कवा हाय?” नावाडी नुसता बघत राहिला. तुळशीरामनं तिला समजावलं, की नदीला भरती-ओहोटी नसते. पाणी एकाच बाजूला जातं, सारखं जातं. “म्हंजी ह्यात गेलं ते परत येत न्हाय,” ती म्हणाली. “न्हाय,” तो म्हणाला. “मग बरं हाय,” आई म्हणाली, पण तिचा आवाज बरं असल्यासारखा नव्हता. तो नावाडी अजून बघतच होता. आईकडे नाही, तुळशीरामकडे. त्यानं वल्ह्यावर हनुवटी टेकवली आणि ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “आज उस पार नहीं?” तुळशीरामनं मान हलवली. नाही म्हणून हलवली. पण मान हलवणं हेसुद्धा उत्तर देणंच होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

केसरनं ते बघितलं होतं. ओलं लुगडं पिळता पिळता ती म्हणाली, “भावजी, तुमी आदी कदी काशीला आलतं?”

“न्हाय.”

“मंग यो मानूस तुमाला वळखतो कसा?”

“यांना गिऱ्हाईक पायजे असतं. सगळ्यांनाच वळखतात.”

पिळलेलं लुगडं तिनं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा पिळलं. तुळशीरामला तिचा राग आला. बारा वर्षं जिनं एक शब्द विचारला नाही, तिनं नेमकं आजच डोळे उघडे ठेवावेत. तसं म्हटलं तर थोरल्यात आणि त्याच्यात होतंच साम्य. तेच रुंद कपाळ, एकमेकींना भिडलेल्या भुवया. वाड्यातली येसूबाई तर पाठमोरं बघून कायम चुकायची. पण तो भाऊ आता असला तर चाळिशीकडे झुकलेला असणार, केस पांढरे असणार. असला तर. हे ‘असला तर’ मनात आलं ते मग जाईना. असला तर पुतळा नाही, पाट नाही, केसर नाही. असला तर तो इथं काय करत होता इतकी वर्षं? समुद्रात बुडालेला माणूस कुठल्या वाटेनं या गोड्या पाण्याला येऊन लागेल? कुठल्यातरी परक्या जहाजानं उचलला असेल, कलकत्त्याला उतरवला असेल, डोक्याला मार लागून सगळं विसरला असेल. गोदीत अशा गोष्टी ढिगानं ऐकायला मिळायच्या आणि तो त्यांना हसायचा. आता त्याला एकही हसण्यासारखी वाटेना.

दुपारी बायका दर्शन करून आडव्या झाल्या तेव्हा तो बाहेर पडला. शोधायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर, न सापडण्याची खात्री करून घ्यायला. गल्ल्या इतक्या अरुंद की वर आकाशाची नुसती पट्टी. कुठंतरी घंटा, कुठंतरी तुपाचा वास, आणि सगळीकडे ओली राख वाळल्यावर येतो तसला एक वास, जो इथल्या लोकांच्या बहुधा नाकातच नव्हता. पितळेची भांडी ठोकणाऱ्या एकानं त्याला बघून हातोडी थांबवली आणि मान लववली. एका दारातल्या बाईनं आपल्या हातातली कळशी त्याच्या हातात दिली, चौकटीतला खिळा वर चढून ठोकला आणि कळशी परत घेतली. बोलली काहीच नाही. घरच्या माणसाशी कुठं बोलावं लागतं. तो पुढं गेला. आपण इथं वळणार, हे पायांना आधी कळतंय आणि आपल्याला मागून, असं त्याला वाटायला लागलं. एका वळणावर, बऱ्याच पुढं, एक माणूस चालला होता. खांद्यावर घडी केलेलं कांबळं, पाय फाकलेले, होडीतून उतरलेल्या माणसाची चाल. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. तुळशीराम पाय उचलून चालायला लागला. अंतर कमी होईना, वाढेनाही. आता एकच करायचं राहिलं होतं. नुसती नावानं हाक मारायची. तो असला तर मागं वळेल. नाव तोंडात येऊन थांबलं, दातांच्या मागं, अख्खं. आणि त्यानं ते उच्चारलं नाही. रीत आहे, त्यानं मनाशी म्हटलं. तो अजून दर्यावरून आलेला नाही, त्याचं नाव घेता येत नाही. इतक्या वर्षांत ती रीत त्याला एवढी सोयीची कधीच वाटली नव्हती. तो माणूस वळणाआड गेला. तुळशीराम तिथंच भिंतीला हात टेकून उभा राहिला, आणि भिंत थंड आणि जराशी ओली होती.

त्याला आठवलं ते भलतंच. तो लहान असतानाचं. संध्याकाळी होड्या येताना दिसल्या की आई वाळूवर उभी राहायची आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून थोरल्याला हाक मारायची. एखाद्या दिवशी वारा उलटा असायचा. हाक जायची, ओ यायची नाही. होडी तर दिसतेय, पण ओ नाही, म्हणून आईचा चेहरा हळूहळू पांढरा पडत जायचा. तो तिचा चेहरा तुळशीरामला बघवायचा नाही. मग तो वर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला जायचा आणि आवाज जाड करून, थोरल्यासारखा, लांबवून म्हणायचा, “ओ ऽऽ.” आईचे खांदे खाली यायचे. तिला कळत होतं की नाही, कोण जाणे. ती कधी मागं वळून बघायची नाही, आणि त्याला कधी रागावलीही नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती तशीच हाक मारायला उभी राहिली होती. होडी दिसतच नव्हती. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि मग तसेच खाली घेतले, कारण होडी दिसल्याशिवाय हाक मारायची नसते. तुळशीराम तेव्हा मोठा झाला होता, मिसरूड फुटलेलं. तरी त्याच्या घशात ती ओ तयार होती. ती तशीच राहिली. इतकी वर्षं तिथंच होती की काय, असं त्याला त्या ओल्या भिंतीशी वाटलं.

सकाळी धुकं कालच्याहून दाट. विधीआधी क्षौर करायचं म्हणून गुरुजींनी त्याला घाटावरच्या न्हाव्यासमोर बसवलं. न्हावी म्हातारा होता, बोटं मात्र कापसासारखी. डोक्यावर पाणी चोळताना त्याची बोटं उजव्या कानाच्या मागं गेली आणि थांबली. तिथं त्यानं पुन्हा चाचपून बघितलं. “निशान कहाँ गया?” तो पुटपुटला. तुळशीराम गारठून बसला. नांगराचा दोर तुटून थोरल्याला तिथं लागलं होतं, कानामागं बोटभर व्रण होता. तुळशीरामला म्हणायचं होतं, कसली निशाणी, कुणाची निशाणी, पण वस्तरा डोक्यावर फिरत होता आणि मान हलवणं शक्य नव्हतं. केस पडत गेले. थंड हवा टाळूला लागली. वस्तरा कानामागं आला आणि चांगलाच खोल लागला. न्हाव्यानं तुरटी दाबली, तो चुकचुकला, पण त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट एखादी विसरलेली वस्तू जागेवर ठेवल्यासारखं त्यानं ते पुसलं. स्नान करून तुळशीराम वर आला तेव्हा आई पायरीवर बसली होती. तिनं त्याला जवळ बोलावून ओल्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात कानामागं गेल्यावर तिथंच राहिला. बोट रक्तानं जरासं लाल झालं. तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, पदराला पुसलं. “आये, कापलंय नुसतं,” तो म्हणाला. तिचे डोळे त्याच्यावर होते आणि त्या डोळ्यांना किती दिसत होतं हे कधीच कुणाला सांगता आलं नव्हतं.

गुरुजींनी पळसाच्या देठांचा पुतळा मांडून ठेवला होता. हात, पाय, बरगड्या. सगळं देठांनी बांधलेलं, आणि डोक्याच्या जागी नारळ. नारळ थळहून आणलेला, घराच्या पाठीमागच्या माडाचा. केसरनंच तो वाटभर मांडीवर सांभाळला होता. नारळाची शेंडी पाण्याच्या बाजूला होती आणि तिच्याखाली त्याचे तीन डोळे. तुळशीराम पुतळ्यासमोर बसला. आई त्याच्या मागं, आणि तिच्याही मागं, दिरापुढं बसायचं तितकं अंतर राखून, केसर. तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्यावरून ती कुठं आहे ते त्याला कळत होतं. तासाभराचं काम आहे, तो स्वतःला सांगत होता. तासाभरानं थोरला गेलेला असेल. तो त्या गल्लीत असो वा नसो; शास्त्रानं गेलेला असेल, तिच्या मनातून गेलेला असेल, आणि मला जे बारा वर्षं हवं आहे ते मला मिळेल. गुरुजींनी त्याच्या बोटात दर्भ घातला, पळीभर पाणी दिलं, देश-काल उच्चारला, आणि थांबले. “मृताचं नाव?”

पाणी पायरीला लागून जात होतं, एकाच बाजूला. “नाव सांगा,” गुरुजी म्हणाले. “नावाशिवाय कुणाला पोचवू?” बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा केसरचा प्रश्नच नव्हता. उरला तो. त्यानं तोंड उघडलं. काल दातांमागं अख्खं आलेलं नाव आज कुठं सापडेना. त्याला ते आठवत होतं, पण उच्चारता येत नव्हतं. आणि आपण ते घेतलं तर घाटावरचं कुणीतरी वळून बघेल, अशी त्याला भयंकर, लहान पोरासारखी भीती वाटली. “आये, तू घे,” तो म्हणाला.

“असं कसं घेऊ,” आई म्हणाली. “हाक न्हाय मारली अजून. हाक मारायची, ओ न्हाय आली तं मंग घ्यायचं.” गुरुजींना काही कळलं नाही. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. पुतळ्याला वळसा घालून शेवटच्या कोरड्या पायरीवर गेली, धुक्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले. समोर होडी नव्हती, काहीच नव्हतं. तिनं हाक मारली.

“भागोजी ऽऽ”

त्या म्हाताऱ्या अंगात एवढा आवाज कुठं होता. हाक पाण्यावरून गेली आणि धुक्यात शिरली. घाटावरची माणसं बोलायची थांबली. न्हाव्यानं वस्तरा उचलून धरला. तो कालचा नावाडी होडीत उभा राहिला. तुळशीरामला आईची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून तिचा चेहरा कसा झाला असेल ते दिसत होतं. ओ आली नाही. आली नाही, हे चांगलं होतं, हेच तर हवं होतं. आता फक्त गप्प राहायचं. आईचे खांदे वर ओढलेले, ताठ. ते खाली येत नव्हते. त्याच्या घशात काहीतरी हललं. ते त्यानं थांबवलं असतं तर थांबलं असतं का, हा विचार त्यानं पुढं पुष्कळदा करून बघितला. त्याच्या छातीतून एक जाड, लांब, होडीवरून यावा तसा आवाज निघाला.

“ओ ऽऽ”

आईचे खांदे खाली आले. या वेळी मात्र ती वळली. हळूहळू पायऱ्या चढून आली, त्याच्यासमोर वाकली, त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. “आला,” ती म्हणाली, कुणाला तरी सांगावं तसं, आणि आपल्या जागी जाऊन बसली. गुरुजी वैतागले होते; मागं दुसरे यजमान खोळंबले होते. “माई, हे काय? मृताचं नाव काय ते सांगा आधी.”

“तुळशीराम,” आई म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. “थोरला मुलगा म्हणाला होतात ना?”

“धाकला. थोरला यो काय बसलाय.”

तुळशीराम वळला. आईकडे नाही, केसरकडे. ती बोलेल. ती वेडी नाही, तिला दिसतं, ती म्हणेल, आत्याबाई, हे काय बोलताय. केसर त्याच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर त्यानं कधी न बघितलेलं काहीतरी होतं. थकवा होता, आणि त्या थकव्याच्या आत हिशोब लागल्यासारखी एक शांतता. ना चुडा फुटणार, ना कुंकू पुसणार, ना पाट लावावा लागणार. ती उठली. दिरापासून राखायचं अंतर तिनं दोन पावलांत ओलांडलं आणि त्याच्या शेजारी येऊन, अंगाला अंग लागेल अशी बसली. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिचा दंड त्याच्या दंडाला लागला. ऊब होती. आपल्याला हवं ते मिळालंय, हे त्याला कळलं, आणि ते आपल्याला मिळालेलं नाही हेही कळलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं तोच गुरुजींनी त्याच्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं. “म्हणा,” ते म्हणाले, आणि ते सांगत गेले तसं तो म्हणत गेला. तुळशीराम नावाच्या प्रेताला हे पाणी. तुळशीराम नावाच्या प्रेताला हा पिंड. आपलं नाव आपल्याच तोंडून निघून पाण्याला लागताना त्याला जड वाटलं, मग हलकं, आणि पुढं पुढं ते कुणाचंही वाटायला लागलं. अग्नी त्यानंच दिला. देठं लगेच पेटली, नारळाला मात्र वेळ लागला. तो तडकला तेव्हा आई रडली. धाकट्या मुलासाठी रडावं तशी, मनापासून रडली. राख नदीत सोडली. ती गेली त्या बाजूला तिघंही जरा वेळ बघत राहिले, आणि परत काही आलं नाही.

पायऱ्या चढताना केसर त्याच्या एक पाऊल मागं होती. आजवर तिनं त्याला ‘भावजी’शिवाय हाक मारली नव्हती. “अवो, जपून,” ती म्हणाली. “पायरी वली हाय.” तो जपून चढला. वरच्या गल्लीत चहावाल्यानं त्यांना येताना बघून तीन कुल्हड मांडले. दोहोंत दुधाचा चहा ओतला, तिसऱ्यात कोरा, आणि त्यात चिमूटभर मीठ टाकलं. आई बाकड्यावर बसून फुंकर घालत प्यायला लागली आणि म्हणाली, “मिठानं रक्त आटतं रं, कितीदा सांगायचं.” आटू दे, लई झालंय, असं त्याच्या तोंडून आपसूक गेलं, आणि केसर पदर तोंडाला लावून हसली. त्यानं घोट घेतला. चहा खारट लागला नाही. गोदीत सोमवारी तुळशीराम कामावर हजर व्हायचा होता. तिथं कुणीतरी कळवायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं कुल्हड रिकामा केला.